शंख झाला तेव्हा बंद केलेलं मशीन

मशीन हातात आलं की ती आधी त्याचा वास घेते.

काम सुरू करताना कानामागचं फूल काढून कपात ठेवते. काम संपलं की तेच फूल परत कानामागे, कोमेजलं असलं तरी.

स्क्रू नीरफणसाच्या पानावर मांडते, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. पान रोज नवं.

डाव्या हातात पाव, उजव्या हातात माउस. हातांची अदलाबदल नाही.

मशीनला रागावते इंग्रजीत. चुचकारते आमच्या भाषेत.

कोणी म्हणालं, "मी काहीच केलं नाही," की "बरं" म्हणते आणि बसायला खुर्ची देते.

दुरुस्त झालेलं मशीन मालक येईपर्यंत झाकून ठेवते. उघडं ठेवलं तर येणारा-जाणारा वापरून बघतो, म्हणते.

"करून देते" असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. ती "बघते" म्हणते.

तिचं नाव फुआतिनो. सालेलोलोगाच्या बाजारामागे तिच्या मावसभावाची बेकरी आहे. पुढे पाव विकतात. मागे, भट्टीच्या भिंतीला लागून, हिचं टेबल. जागा तिने मुद्दाम मागून घेतली. आमच्या सवाई बेटावर लोखंडाला माणसाआधी म्हातारपण येतं. समुद्राची हवा कशात शिरत नाही? पण भट्टीमागची ती भिंत बारा महिने कोरडी असते. पाण्यात पडलेले फोन, पुरातून काढलेले लॅपटॉप ती त्या भिंतीशी उभे करून ठेवते. एखाद्याचा जीव परत येतो. एखाद्याचा येत नाही. दोघांनाही नारळाच्या दुधातल्या पावांचा वास लागतो.

तरुणपणी ती ऑकलंडला होती. तिथे जुन्या कॉम्प्युटरांची मोडतोड करायच्या शेडमध्ये कामाला होती. ट्रक भरभरून मशीनं यायची, ही ती फोडायची. "मी आधी मारायला शिकले," ती सांगते. "जगवायला नंतर." आई अंथरुणाला खिळली तेव्हा परत आली. आई गेली. ही राहिली.

मी राजधानीतून, आपियाहून, साहित्याची पदवी घेऊन आले आणि बेकरीजवळच्या शाळेत शिकवू लागले. मधल्या सुट्टीत पाव घ्यायला जायची. आमची मैत्री तिथली. ती माझ्या आईपेक्षा मोठी आहे. मी तिला आंटी म्हणते. ती मला "ए पुस्तक" म्हणून हाक मारते.

सेउमालोंना तिच्याकडे मीच घेऊन गेले.

सेउमालो आमच्या गावाचे वक्ते. मैदानात काठी रोवून, खांद्यावर चवरी टाकून ते उभे राहिले की पाहुण्या गावाचे वक्ते जमिनीकडे बघायचे. मग त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑकलंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज जाईल. ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस हातात होते. इस्पितळातली एक बाई म्हणाली, बोलून ठेवा. मग ते रोज सकाळपासून घसा बसेपर्यंत मायक्रोफोनसमोर बसले. बेटावरच्या प्रत्येक गावाचे मान, म्हणजे कोणत्या घराण्याला काय म्हणून गौरवायचं ते, बोलले. स्वागतं बोलले, आभार बोलले, म्हणी बोलले. वादातले प्रश्न आणि त्यांची उत्तरं बोलले.

शेवटी त्यांची बायको लांगी म्हणाली, "भाषणं झाली. घरात काय बोलणार आहात?"

म्हणून तेही बोलले. चहा. मीठ. कोण आलंय. लांगी.

हे सगळं एका लॅपटॉपमध्ये होतं. पडद्यावर बटणं. बटण दाबलं की त्यांचा आवाज. तो लॅपटॉप म्हातारा होता. बॅटरी कधीच गेलेली, वायरीवर जगणारा. आवाजाची एक कॉपी वेगळ्या हार्डडिस्कमध्ये ठेवली होती. त्या डिस्कमध्ये मुंग्यांनी संसार थाटला. इंटरनेटवर चढवायचं म्हटलं, तर आमच्या गावातून एवढं सगळं वर जाईपर्यंत सेउमालोंचे नातू म्हातारे झाले असते.

गावसभेत यावरून वाद झाला होता. डबा बोलणार आणि आपण मान डोलावणार? असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, आवाज कोणाचा आहे? खूप दिवस हे चाललं. शेवटी ठरलं की आवाज त्यांचा आहे, म्हणजे बोलतात तेच. शनिवारी त्यांच्या भाच्याला मानाचं नाव द्यायचा सोहळा होता. बाहेरगावचे वक्ते येणार होते. त्यात सेउमालो उभे राहिले तर काठी त्यांची. नाही राहिले तर काठी ताउइलींकडे. ताउइली आमचे दुसरे वक्ते. हे उघडपणे कोणी बोललं नाही, पण गावात सगळ्यांना माहीत होतं.

आणि शुक्रवारी सकाळी लॅपटॉप सुरू होईना.

आम्ही तिघं, सेउमालो, लांगी आणि मी, पिकअपच्या मागे बसून बेकरीत गेलो. सेउमालोंनी लॅपटॉप मांडीवर धरला होता, लहान मूल धरतात तसा. गळ्याच्या भोकावर पांढरा रुमाल. रस्ताभर त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही.

फुआतिनोने लॅपटॉपचा वास घेतला. फूल कपात गेलं.

"काय झालं?"

"काही नाही," लांगी म्हणाली. "काल संध्याकाळी चांगला होता. सकाळी असा. आपोआप."

"कोणी काही केलं?"

"कोणी काही केलं नाही."

"बरं." खुर्ची आली. "बसा. पाव खा."

सेउमालो बसले नाहीत. हाताने खूण केली, आधी हे. फुआतिनोने त्यांना मान लववून नमस्कार केला आणि लॅपटॉपला हातही लावला नाही. ती लांगीकडे वळली.

"कालचा दिवस सांग. मशीनचा नको. तुझा."

"माझा? माझा कसला दिवस. सकाळी धुणं. दुपारी चटई घेऊन बसले. मग जाऊबाई आली, ती गेली. मग आंघोळ, मग शंख, मग प्रार्थना, मग जेवण."

"काय जेवलात?"

"आता काय जेवलात! मासे."

"आणि हे कुठे होतं?"

"आपल्या जागी, खांबाशी. यांचा सराव चालला होता. मधेच ते निळं झालं आणि गोल गोल फिरायला लागलं. हे कंटाळून आंघोळीला गेले."

"काही लिहून आलं होतं?"

"आलं होतं. मी चष्मा नव्हता लावला."

सेउमालोंनी माझ्या हातातला फोन घेतला आणि त्यावर लिहिलं. मी वाचून दाखवलं. "अपडेट चालू आहे. बंद करू नका."

"हां," फुआतिनो म्हणाली. "आणि मग प्रार्थनेच्या वेळीही ते फिरतच होतं?"

लांगीला धक्काच बसला. "प्रार्थनेच्या वेळी? प्रार्थनेच्या वेळी कसं फिरेल? शंख झाला की आम्ही सगळं बंद करतो. पंखा, रेडिओ, सगळं. आम्ही काय परक्या देशातली माणसं आहोत?"

"म्हणजे तू बंद केलंस."

"मी काही केलं नाही ग बाई. शंख झाला."

फुआतिनोने पाव खाली ठेवला. मी तिच्याकडे पाहिलं. मग लांगीकडे.

लांगी खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला की रस्ता थांबतो. तरुण पोरं रस्त्याच्या कडेने पहाऱ्याला उभी राहतात आणि घरांना भिंती नाहीत. कोणाकडे काय चालू आहे ते अख्ख्या गावाला दिसतं. हात आपोआप खांबावरच्या बटणाकडे जातो. डोळे मिटण्यासारखं आहे ते. डोळे मिटले, हे काम केलं म्हणून कोणी सांगत नाही.

"अर्ध्यात," फुआतिनो हळूच म्हणाली. "जुनं काढून झालं होतं. नवं बसायचं होतं."

मग लांगीला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. नवऱ्याकडे बघायची तिची हिंमत होईना.

"मी यांचा आवाज मारला?"

"गप्प बस. माझ्या आईने हेच केलं असतं. मीही केलं असतं. देवाला काय सांगणार, जरा थांब, अपडेट चालू आहे?"

सेउमालोंच्या खांद्यात हसल्यासारखी एक लहर आली आणि गेली. मग परत त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

फुआतिनोने माउस काढला, स्पीकर काढला, जे जे लोंबकळत होतं ते सगळं काढलं. फक्त वायर ठेवली आणि लॅपटॉप सुरू केला. निळा पडदा आला. ठिपके फिरले. "बदल मागे घेत आहोत," असं आलं. मग पडदा काळा. मग परत निळा. ती खुर्चीत रेलून नुसती बघत राहिली. पावाचा घास तोंडात, नजर पडद्यावर. तेच परत. आणि परत.

"आंटी, काहीतरी कर ना," मी म्हणाले.

"करतेय. मोजतेय."

"काय मोजतेयस?"

"कुठे पडतंय ते. एकाच जागी पडतंय. हे चांगलं."

"चांगलं कसं?"

"रोज नव्या जागी पडणारा माणूस आजारी असतो. रोज एकाच जागी पडणाऱ्याच्या वाटेत दगड असतो. दगड काढता येतो."

थोड्या वेळाने मशीन स्वतःच कंटाळलं. पडद्यावर पर्याय आले. त्यात एक मोठं बटण होतं. सगळं काढून टाका आणि नव्याने सुरुवात करा.

सेउमालोंनी ते वाचलं. त्यांचा हात पुढे आला. सोहळ्याच्या काळजीने दोन दिवस झोपला नव्हता तो माणूस. उद्या मैदान होतं. नव्याने सुरुवात, हे शब्द कोणाला गोड लागणार नाहीत?

फुआतिनोने पावावरचं फडकं उचललं आणि कीबोर्डवर टाकलं.

"महाराज, आपला मान मोठा आहे. आपण बोलायचात तेव्हा मी मैदानाच्या कडेला बसून ऐकायची. पण हात मागे घ्या."

गावात त्यांच्याशी असं कोणी बोलत नाही. सेउमालो तिच्याकडे रोखून बघत राहिले.

"त्या बटणाने मशीन लगेच सुरू होईल," फुआतिनो म्हणाली. "चकाचक. आत आपण नसाल."

हात मागे गेला.

"घराला आग लागली की आधी माणूस बाहेर काढायचा," ती मला म्हणाली, पण ऐकवत त्यांना होती. "छप्पर मागाहून बघू."

तिच्याकडे एक पेनड्राइव्ह आहे. हिरव्या दोऱ्याने टेबलाच्या पायाला बांधलेला. त्यात दुसरीच एक लहानशी सिस्टीम आहे. मशीनची स्वतःची सिस्टीम पडली असेल तर ही त्याला उसने पाय देते. तिने ती लावली आणि लॅपटॉप त्या उसन्या पायांवर उभा राहिला. पडदा वेगळा, रंग वेगळा. तिने डिस्क उघडायला सांगितली. डिस्क म्हणाली, नाही. मला नीट बंद केलेलं नाही.

"रुसलीय," फुआतिनो म्हणाली. "साहजिक आहे." मग इंग्रजीत काहीतरी म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. "ठीक. हात लावत नाही. फक्त बघू देशील?"

तिने टाइप केलं. फक्त वाचायचं, लिहायचं नाही, या अटीवर डिस्क उघडली.

फाइली होत्या.

मी नावं वाचली. गावांची नावं. म्हणींची नावं. चहा. मीठ. फुआतिनोने त्या आपल्या डिस्कवर उतरवायला सुरुवात केली. पट्टी हळूहळू हिरवी होत गेली. आम्ही सगळे त्या पट्टीकडे बघत होतो. पुढच्या दुकानातली गिऱ्हाइकंही दारात येऊन उभी राहिली. काय चाललंय ते त्यांना माहीत नव्हतं, पण एवढी माणसं गप्प उभी आहेत म्हणजे कोणीतरी गेलं असणार, म्हणून तीही गप्प.

पट्टी भरली.

"आता बघू या, सगळं नीट आलंय का," फुआतिनो म्हणाली. स्पीकर तिचा स्वतःचा, मोठा, चर्चच्या कार्यक्रमांना वापरायचा. तिने डोळे मिटून यादीत कुठेतरी बोट ठेवलं आणि दाबलं.

अख्ख्या बेकरीत सेउमालोंचा आवाज घुमला.

"अरे, तो कुत्रा गप्प करा कोणीतरी!"

दारातली सगळी माणसं मागे वळून कुत्रा शोधायला लागली. मावसभाऊ भट्टीवरून ओरडला, "कुठला कुत्रा? आपल्याकडे कुत्रा नाही!"

लांगी खाली बसली. जमिनीवरच. आधी ती हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. सेउमालो उभेच होते. त्यांनी रुमालावरून गळ्याला हात लावला. तिथे काही हललं नाही ना, हे बघत असावेत.

मी चार वर्षं कॉलेजात लेखकाचा आवाज, कवितेचा आवाज यांवर निबंध लिहिले. त्या शब्दाचा अर्थ मला त्या बेकरीत कळला.

फुआतिनोने तोवर दुसरा पाव घेतला होता. "माणूस बाहेर आला," ती म्हणाली. "आता छप्पर."

छपराला दुपार झाली. शेवटचं अपडेट काढा, असा एक पर्याय होता. तो तिने दाबला. काढता येत नाही, असं उत्तर आलं. "अर्धवट बसलेलं काढता येत नाही आणि अर्धवट काढलेलं बसत नाही," ती म्हणाली. "माझ्या नणंदेचं लग्न असंच होतं." मग तिने काळा पडदा उघडला. तिथे चित्रं नसतात, फक्त हुकूम. तिने हुकूम लिहिला की जे जे अर्ध्यात अडकलंय ते सोडून दे, जुन्या जागी जा. मशीन विचार करत बसलं. खूप वेळ. मग आपणहून बंद झालं, आपणहून सुरू झालं, निळं झालं, ठिपके फिरले. मी डोळे मिटले.

"उघड," फुआतिनो म्हणाली.

पडद्यावर सेउमालोंच्या नातवंडांचा फोटो होता. खाली पासवर्डची चौकट.

लांगीने टाळ्या वाजवल्या. सेउमालो पुढे झाले, पासवर्ड टाकला, बटणं आली. त्यांनी पहिलंच बटण दाबलं.

काही ऐकू आलं नाही.

परत दाबलं. पडद्यावर बटण दबत होतं. आवाज नव्हता.

त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला परत बघायचं नाही. फुआतिनोने मात्र मान डोलावली, ओळखीचं कोणी भेटावं तशी.

"आवाज आहे. तोंड उघडत नाहीये. आवाज काढणारा प्रोग्राम, साउंडचा ड्रायव्हर, अर्धा नवा, अर्धा जुना. दोघांचं भांडण चाललंय." तिने नव्याला हाकललं, जुन्याला परत बोलावलं. मशीन पुन्हा एकदा बंद करून सुरू केलं. "दाबा, महाराज."

त्यांनी दाबलं नाही. लांगीकडे बोट दाखवलं. तू दाब.

"मी नाही दाबणार. माझा हात लागला की काहीतरी होतं."

त्यांनी तिचा हात धरला आणि तिच्या बोटाने बटण दाबलं.

"लांगी," लॅपटॉप म्हणाला.

"हं," लांगी म्हणाली. सवयीने.

शनिवारी मैदानावर आम्ही चर्चमधून वायर ओढली. गवतातून, नीरफणसाच्या झाडाखालून, थेट सेउमालोंच्या काठीपर्यंत. सरपंचांनी जाहीर केलं की जो वायरीवर पाय देईल त्याने गावाला एक डुक्कर द्यायचं. पोरं वायरीला वळसा घालून चालत होती, जणू साप आहे. फुआतिनो सकाळच्या बसने आली होती. ती वायरीच्या चर्चकडच्या टोकाला, खटक्याशेजारी, खुर्ची टाकून बसली आणि दिवसभर उठली नाही.

आमच्याकडे पाहुण्यांसमोर बोलण्याआधी आपलेच वक्ते आपसात वाद घालतात, आजचा मान कोणाचा यावर. शब्द गोड असतात. वाद खरा असतो. ताउइली उभे राहिले. उंच, देखणे, बोलायला लागले की थांबत नाहीत असे.

"सेउमालो," ते म्हणाले, "तुमच्या आवाजापुढे मी कधी जिंकलो नाही. पण आज तुमच्या आवाजाला शेपूट फुटलंय, आणि ते चर्चच्या दारात अडकलंय."

मैदान हसलं. सेउमालोंनी एक बटण दाबलं. परंपरेतलं उत्तर आलं, नम्र आणि ठणठणीत. किती दिवसांनी तो आवाज मैदानात! म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले. ताउइलींनी मग दुसरा मुद्दा काढला. मग तिसरा. पूर्वजांपासून सुरुवात केली. ऊन वर आलं. पाहुणे वाट बघत होते. सेउमालोंचं बोट पडद्यावर फिरत राहिलं. एवढ्या लांबलचक बोलण्याला कोणतं उत्तर देणार? असलं काही त्यांनी रेकॉर्ड केलेलं नव्हतं. लांगी माझा दंड दाबत होती.

मग बोट थांबलं.

"मीठ कमी आहे," सेउमालोंचा आवाज म्हणाला.

आधी आमची बाजू हसली, पाहुण्यांची बाजू हसली, मग ताउइली स्वतः हसले. इतके की त्यांना चवरी तोंडावर धरावी लागली. "बसलो," ते म्हणाले. "बसलो बाबा. माझी बायकोही हेच म्हणते." आणि खरंच बसले.

सेउमालोंनी काठी रोवली. पाहुण्या गावांचे मान एकामागून एक सुरू झाले. एकही चुकला नाही. वायर गवतात पडून होती. चर्चच्या दारात फुआतिनोने कपातलं नाही, बसल्या जागेवरून हात लांबवून कुंपणावरचं नवीन फूल तोडलं आणि कानामागे लावलं. सोहळा संपून जेवणं सुरू झाली तेव्हा मी तिला शोधत गेले. ती खुर्चीतच झोपली होती. एक हात खटक्यावर.

संध्याकाळी शंख झाला. लांगीने विचारायच्या आधीच फुआतिनो म्हणाली, "आता कर बंद. आता हरकत नाही."

पुढच्या आठवड्यात ती आवाजाच्या कॉप्या करायला बसली. एक पाद्रीबाबांच्या घरी ठेवायची, एक शाळेत, एक तिच्या भट्टीमागच्या भिंतीशी. पुन्हा मुंग्यांवर भरवसा नको. प्रत्येक फाइल ऐकून बघत होती. मी मदतीला होते. फाइलींच्या तळाशी काही अशा होत्या ज्यांना नाव नव्हतं, नुसता आकडा. ऑकलंडला रेकॉर्डिंग करताना चुकलेले प्रयत्न. खोकला. अर्ध्यात तुटलेलं वाक्य. एका फाइलीत सेउमालो एका गावाचा मान सांगता सांगता चुकले होते. त्या गावाच्या मोठ्या घराण्याऐवजी आमच्याच गावच्या कुठल्याशा सुप्रसिद्ध कंजूस माणसाचं नाव घेऊन बसले होते. मग लांगीचा आवाज लांबून, "काय म्हणालात?" आणि मग सेउमालो हसायला लागले. मोठ्याने, खालून वर येणारं, थांबता न थांबणारं हसू. बराच वेळ.

आम्ही ते ऐकलं. परत ऐकलं.

मैदानात सगळे हसत होते तेव्हा सेउमालोही हसले होते. मी पाहिलं होतं. खांदे हलत होते, तोंड उघडं होतं. आणि काही ऐकू येत नव्हतं.

"याचं बटण करू या," फुआतिनो म्हणाली. तिने चौकोन काढला, फाइल जोडली. नावाच्या जागी कर्सर लुकलुकू लागला. तिचं बोट कीबोर्डवर थांबलं.

"हसू, असं लिही," मी म्हणाले.

"हसू असं लिहून कोणी हसतं का? हा माणूस घरात बसलाय, नातू काही बोलला, हसायला आलं. मग पडद्यावर शोधायचं, हसू कुठेय, हसू कुठेय? तोवर विनोद शिळा."

"मग पहिल्याच जागी ठेव. नावाशिवाय. मोठं."

"मोठं म्हणजे चुकून दाबलं जाईल. प्रार्थनेत."

तेवढ्यात पुढून मावसभावाने हाक मारली. कोणाचा तरी फोन मासे धुताना बादलीत पडला होता. "बघते," म्हणत ती उठली, कपातलं फूल तसंच ठेवून.

त्याला आता महिना होत आला. कॉप्या जिथल्या तिथे पोचल्या. लॅपटॉपला नवी बॅटरी आली. ते बटण मात्र तिच्या टेबलावरच्या मशीनमध्ये तसंच आहे, बिननावाचं. काल लांगी पाव घ्यायला आली होती तेव्हा विचारून गेली, हे विचारताहेत, हसायचं बटण कधी होईल म्हणून.

"बघते," फुआतिनो म्हणाली.